हिरव्या पाण्यात उतरण्यापूर्वी

उजनी जलाशयावर जलपर्यटन उभे करण्याच्या आराखड्याला राज्य सरकारने मंजुरी दिली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यात आनंद झाला आणि तो रास्तच होता. आपल्याकडे पंढरपूर आहे, अक्कलकोट आहे, तुळजापूर हाकेच्या अंतरावर आहे. येणारा भाविक दर्शन घेतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. त्याला आणखी एक दिवस थांबवेल असे काही हवे, ही मागणी जुनी आहे. वरच्या अंगाला भिगवण-कुंभारगावात रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. तिथल्या मच्छीमारांची मुले त्यांना होडीतून फिरवतात आणि घरी नेऊन मासळीचे जेवण घालतात. चार पैसे गावात राहतात. याला विरोध करण्याचे कारण नाही, आणि मी तो करत नाही. माझा प्रश्न पाण्याच्या रंगाचा आहे.

पक्षी पाहणारा माणूस होडीत बसतो, पाण्याला हात लावत नाही. जलक्रीडेचे तसे नसते. स्पीडबोटीमागून उडणारे तुषार नाकातोंडात जातात, नवशिका हमखास पाण्यात पडतो, आणि त्याची मुले तोवर काठाला डुंबत असतात. म्हणजे आजवर जे पाणी पाहायचे होते, ते आता अंगावर घ्यायचे आणि थोडे गिळायचे आहे. हा बदल डॉक्टरच्या नजरेतून छोटा नाही. कारण मार्चनंतर, पाणी उतरू लागते आणि ऊन चढू लागते तेव्हा, उजनीच्या काठाला हिरवा रंग धरतो. काठावरच्या कोणत्याही गावात विचारा. ‘पाणी हिरवं झालंय’ हे वाक्य तिथे उन्हाळा आल्याच्या खुणेसारखे उच्चारले जाते.

हिरवे म्हणजे नेमके काय, इथेच आपण गोंधळ करतो. पाण्यावर तरंगणारी जलपर्णी, जिला आपण केंदाळ म्हणतो, ती एक वनस्पती आहे. तिने होडी अडते, डास वाढतात, पण ती स्वतः विषारी नाही. दगडाला, पायरीला धरणारे लांब तंतूंचे शेवाळ घसरून पाडते, एवढाच त्याचा गुन्हा. तिसरा प्रकार मात्र वेगळा. पाण्यात कुणी हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा दिसणारा, दाट, कधी निळसर झाक असलेला थर. याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतात, पण जीवशास्त्राच्या हिशेबाने ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करणारे जिवाणू. पृथ्वीवर प्राणवायू आणला तो यांच्या पूर्वजांनी, त्यामुळे त्यांना सरसकट शत्रू ठरवणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यांच्यातल्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन हे त्यातले सर्वांत परिचित विष. ते यकृतावर घाला घालते. थोड्या मात्रेत उलट्या, जुलाब, पोटदुखी. अंगाला लागले तर पुरळ, डोळ्यांची आग. जास्त मात्रेत यकृत निकामी.

या जिवाणूंची एक सवय पर्यटकाच्या मुळावर येते. त्यांच्या पेशीत हवेचे अतिसूक्ष्म फुगे असतात. वारा पडला की ते वर येऊन तरंगतात आणि मग हलक्या झुळकीबरोबर एका काठाला जाऊन साचतात. त्यामुळे जलाशयाच्या मध्यावर घेतलेला नमुना निर्धोक निघतो आणि त्याच दिवशी वाऱ्याखालच्या काठाला त्याच्या शेकडो पट दाट थर असू शकतो. मुले खेळतात ती काठालाच. कुत्री पाणी पितात, म्हशी उतरतात, तेही काठालाच. परदेशात अशा तलावांवर पहिला बळी बहुधा कुत्र्याचा जातो. ते पाण्यातून बाहेर येऊन अंग चाटते आणि चिकटलेले सगळे पोटात घेते.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी या विषाची दीर्घकालीन मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि पोहण्याच्या पाण्यासाठी २४ मायक्रोग्रॅम. १ मायक्रोग्रॅम किती, हे असे पाहा : ऑलिंपिक मापाच्या जलतरण तलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी मावते. त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ टाकले तर जे प्रमाण होईल, साधारण तेवढे. पोहण्याचा आकडा मोठा आहे कारण पोहताना माणूस पाणी पीत नाही, चुकून गिळतो. तो आकडा ठरवताना हिशेब लहान मुलाचा धरलेला आहे, कारण ते सर्वांत जास्त गिळते आणि त्याचे वजन सर्वांत कमी असते.

हिरव्या पाण्याची आणि पर्यटनाची गाठ पडली की काय होते, याचा धडा समुद्रकाठच्या गावांनी आपल्या कितीतरी आधी गिरवला आहे. तिथले शेवाळ निराळे, विषही निराळे, पण माणसांचे वागणे सगळीकडे सारखेच. फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. सुंदर किनारे, उन्हाळी सुट्टीत गर्दी. मागच्या बाजूला डुकरांचे आणि कोंबड्यांचे मोठे पालन, भरपूर खत घातलेली शेती. शेतातला नायट्रेट नद्यांवाटे उपसागरात उतरतो आणि उथळ, शांत पाण्यात समुद्री लेट्यूस नावाचे, पालकाच्या पानासारखे शेवाळ फोफावते. भरतीबरोबर ते वाळूवर येऊन पडते. ताजे असते तोवर त्याचा काही त्रास नाही. ढीग साचला, वर उन्हाने पापडी धरली, की आत कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. वर पाय पडला, पापडी फुटली, की तो एकदम बाहेर येतो.

आपल्याकडच्या डॉक्टरांना हा वायू मॅनहोलमधून ओळखीचा आहे. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर माणूस वाचण्याची शक्यता असते. प्रमाण वाढले की नाकाच्या वास घेणाऱ्या नसाच बधिर होतात आणि वास येणे थांबते. ‘आता वास गेला’ म्हणून माणूस निर्धास्त होतो तो क्षण सर्वांत धोक्याचा. त्यापुढे दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते.

ब्रिटनीतल्या लान्यों गावच्या सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात पिएर फिलिप नावाचे डॉक्टर होते. १९८९ मध्ये शेवाळाने भरलेल्या किनाऱ्यावर धावायला गेलेल्या एका तरुणाचा मृतदेह त्यांच्याकडे आला. १९९९ मध्ये शेवाळ उचलणारा एक ट्रॅक्टरचालक बेशुद्धावस्थेत आला. तो वाचला. दोन्ही घटना एकाच किनाऱ्याच्या. या डॉक्टरांनी आरोग्य खात्याकडे विचारणा केली, पत्रे लिहिली. उत्तर म्हणावे असे मिळाले नाही. मध्ये वर्षे गेली. २००९ च्या जुलैत त्याच किनाऱ्यावर एक घोडा शेवाळात रुतून मेला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. घोड्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले आणि काही आठवड्यांत देशाचे पंतप्रधान किनाऱ्यावर हजर झाले. २०११ मध्ये जवळच्या नदीमुखाशी ३६ रानडुकरे मेलेली सापडली. २०१६ मध्ये तिथेच धावायला गेलेल्या आणखी एका माणसाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात २०२५ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाने सरकारला अंशतः जबाबदार धरले. डॉक्टरांच्या पहिल्या शंकेपासून या निकालापर्यंत ३६ वर्षे. माणसाच्या मृत्यूने जे हलले नाही ते घोड्याने हलवले, याची नोंद मी एक सरकारी डॉक्टर म्हणून मनात करून ठेवली आहे.

इतका वेळ का लागला, याचे कारण समजायला अवघड नाही. शेवाळाचे नाव काढले की पर्यटक बिथरेल, अशी भीती. खताचे नाव काढले की शेतकरी बिथरेल, अशी दुसरी. मग दोघांच्या मधला मार्ग म्हणजे पहाटे ट्रॅक्टर लावून वाळू साफ करायची. हॉटेलवाला खूश, पाहुणा खूश. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कुणाच्या हिशेबात नव्हता.

हाच प्रकार कॅरिबियन बेटांवर. २०११ पासून तिथे सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ अटलांटिक महासागरातून लाटांबरोबर येऊन पडते. मेक्सिकोने तर ते अडवायला नौदलाला कामाला लावले आहे. हॉटेलांचे बुकिंग रद्द झाल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. पण ग्वादेलूप आणि मार्टिनिक या दोन बेटांवरच्या डॉक्टरांनी एक वेगळे काम केले. शेवाळाच्या वायूमुळे डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, धाप लागणे अशा तक्रारी घेऊन आलेल्यांची नोंद ठेवली. २०१८ च्या पहिल्या आठ महिन्यांत ही नोंद ११ हजारांच्या वर गेली. त्यात पर्यटक थोडे. बहुतेक तिथेच राहणारे, ज्यांना बुकिंग रद्द करून घरी जाता येत नाही. नोंद झाली म्हणून हा आकडा जगाला कळला. नसती झाली तर ती ११ हजार डोकेदुख्या ११ हजार घरांत विरून गेल्या असत्या.

आपल्या किनाऱ्यावर अजून असे ढीग साचत नाहीत, हे भाग्य. आपल्याकडे जे होते ते दिसायला मोहक आहे. अलीकडच्या वर्षांत हिवाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या लाटा रात्री निळ्या चमकतात आणि त्यांचे व्हिडिओ सोलापूरच्या मोबाइलवरही फिरतात. ती करामत नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाची. पाणी हलले की तो चमकतो. ते पाहायला जावे, जरूर जावे. त्यात भिण्यासारखे फारसे नाही, कारण या जिवाचे माणसाला मारक असे विष ज्ञात नाही. पण तो अरबी समुद्रात का वाढतो आहे, हे विचारायला हवे. गोव्याशी नाते असलेल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोज या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की समुद्रातल्या ज्या सूक्ष्म वनस्पतींवर माशांची साखळी उभी असते, त्यांची जागा हा जीव घेतो आहे, आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो विशेष सुखात राहतो. त्याला खाणारे जेलिफिशसारखे प्राणी, आपल्या ताटातले मासे नव्हेत. चमकणारी लाट ही तब्येतीच्या तक्रारीची खूणही असू शकते.

भारतात समुद्री शेवाळाने माणसे रुग्णालयात पोचलेली नाहीत असेही नाही. २००४ च्या सप्टेंबरात केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राला असह्य दुर्गंधी सुटली आणि मळमळ, धाप अशा तक्रारींनी दोनशेहून अधिक लोकांना, त्यात बहुतांश मुलांना, उपचार घ्यावे लागले. १९८१ मध्ये तमिळनाडूत शिंपल्यांतले मांस खाऊन ८५ जण रुग्णालयात गेले, तिघे दगावले. सूक्ष्म शेवाळातले विष शिंपल्यांत साठले होते. ते शिजवून जात नाही. मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या सोलापूरकरांनी एवढे लक्षात ठेवावे की समुद्राच्या पाण्याचा रंग लाल-तपकिरी झाल्याची चर्चा गावात असेल, तर त्या आठवड्यात तिसऱ्या आणि कालवांचा मोह टाळावा. सुरमई खुशाल खावी.

समुद्रासाठी निदान देशात एक डोळा उघडा आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहावरून शेवाळाच्या बहरावर नजर ठेवते आणि माहिती प्रसिद्ध करते. धरणांसाठी काठावरच्या माणसाला रोज दिसेल असे काय आहे? उजनीच्या कोणत्याही घाटावर ‘आज पाणी कसे आहे’ सांगणारा फलक नाही. पाण्याच्या तपासणीत आपण जिवाणू मोजतो, क्षार मोजतो, गढूळपणा मोजतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाणी शेवाळापासून मुक्त असावे अशी अपेक्षा लिहिली आहे, पण मायक्रोसिस्टिनसाठी आकडा नाही. जे मोजायला सांगितलेले नाही ते कुणी मोजत नाही, हा सरकारी कामाचा साधा नियम आहे. तो मी आतून पाहिलेला आहे.

आता उजनीच्या हिरवेपणात विष आहे का? रंग पाहून कुणीही सांगू शकत नाही. एकाच जातीच्या जिवाणूंतले काही वंश विष करतात, काही करत नाहीत. म्हणूनच मोजायला हवे. खाद्य मात्र भरपूर आहे, एवढे नक्की. धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी आपण दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. मायनसमधले पाणी उथळ, कोमट आणि घट्ट होत गेलेले असते. त्यात वरून येते ते मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यामार्फत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, आणि दोन्ही काठांच्या उसाला घातलेल्या खताचा निचरा. १९७३ मध्ये कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी एक तलाव मधोमध पडदा लावून दुभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, एका भागात त्याच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच स्वच्छ राहिला. वरून काढलेले ते छायाचित्र पाहिले की वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही. एक किलो फॉस्फरसवर शेकडो किलो ओले शेवाळ पोसले जाते. आणि फॉस्फरस येतो कुठून? मैल्यातून, कपड्यांच्या साबणातून, शेतातून.

पुण्यात जपानच्या कर्जातून ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्याचा करार २०१६ मध्ये झाला. त्याची मूळ मुदत केव्हाच उलटून गेली. ती केंद्रे झाली पाहिजेत, पण त्यातही एक मेख आहे. साधे प्रक्रिया केंद्र पाण्यातली घाण आणि वास कमी करते. फॉस्फरस आणि नायट्रोजन काढण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. ती नसेल तर नदीत सोडलेले पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसेल आणि उजनीतल्या जिवाणूंच्या दृष्टीने ते पातळ केलेले खतच असेल. सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी ‘पुण्याचे घाण पाणी’ असे भाषण करण्याऐवजी या दोन आकड्यांची मागणी केली तर अधिक उपयोग होईल.

पण वरचे पाणी सुधारायला वर्षे लागतील आणि पर्यटक त्याआधी येईल. तोवर हिरवा थर दिसला की कुणाच्या तरी डोक्यात मोरचूद येणार, अशी मला रास्त भीती आहे. द्राक्ष आणि डाळिंबाच्या आपल्या जिल्ह्यात मोरचूद घराघरात ओळखीचे आहे, आणि ते शेवाळ मारते यात खोटे काही नाही. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंड बेटावर हेच केले. धरणातल्या पाण्याला वास आणि चव येऊ लागली म्हणून मोरचूद टाकले. काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यात १३८ मुले. उलट्या, यकृताला सूज, मूत्रपिंडावर परिणाम. सुरुवातीला लोकांनी कच्च्या आंब्यांना दोष दिला. (आपल्याकडेही मे महिन्यात उलट्या झाल्या की आरोप कैरीवर, नाहीतर लग्नाच्या पंगतीवर.) कोडे पुढे उलगडले. जिवंत पेशीत विष बऱ्यापैकी कोंडलेले होते. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि ते सगळे एकदम नळाला आले.

नळाचा विषय निघाला म्हणून, घाबरवण्यासाठी नव्हे, थोडे सोलापूर शहराबद्दल. आपण उजनीचेच पाणी पितो. पाकणी आणि सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटीने गाळ बसवून मग पाणी गाळले जाते, त्यात या पेशी अखंड अवस्थेत बऱ्याच प्रमाणात निघून जातात. नंतरचे क्लोरीन उरलेले विष मोडते. क्रम महत्त्वाचा. पाणी जास्त हिरवे आले म्हणून गाळण्याआधीच क्लोरीनचा मारा केला तर पाम आयलंडची छोटी आवृत्ती होते. हे केंद्रांवरच्या अभियंत्यांना मी शिकवण्याची गरज नाही. पण उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातले मायक्रोसिस्टिन मोजून तो आकडा जाहीर केला, तर शहराची धाकधूक एका ओळीत संपेल. घरात पाणी उकळण्याने जिवाणू मरतात, हे विष जात नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये चार लाखांवर लोकांना ‘पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका’ असे सांगावे लागले होते. ब्राझीलमधल्या कारुआरूची १९९६ ची घटना तर प्रत्येक डायलिसिस केंद्राने माहीत करून घ्यावी अशी. नीट न शुद्ध केलेले जलाशयाचे पाणी डायलिसिसला वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. डायलिसिसच्या एका वेळेला शंभर लिटरच्या वर पाणी लागते, आणि पोटाची वाट टाळून त्यातले विष थेट रक्तात उतरते. आज केंद्रांवर आरओ यंत्रे असतात आणि ती हे विष चांगले अडवतात, फक्त त्यांचे फिल्टर वेळच्या वेळी बदललेले असावेत.

परत जलपर्यटनाकडे. युरोपात २००६ पासून कायदा आहे की पोहण्याच्या अधिकृत जागी निळ्या-हिरव्या शेवाळाचा धोका असेल तर पाण्यावर लक्ष ठेवायचे आणि लोकांना तिथेच, काठावर, तसे सांगायचे. त्याने तिथले पर्यटन बुडालेले नाही. उजनीवर होड्यांचा ठेका देण्यापूर्वी एवढीच अट घालावी : फेब्रुवारी ते जून दर आठवड्याला, वाऱ्याखालच्या काठाचे नमुने. पहिली चाचणी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याची आहे. तिला यंत्र लागते ते आपल्या प्रत्येक महाविद्यालयात आहे, आणि सोलापूर विद्यापीठाचे विद्यार्थी ते आनंदाने करतील. पेशी जास्त दिसल्या तरच विषाची महाग चाचणी. निकाल धक्क्यावरच्या फलकावर : हिरव्या शाईत ‘उतरा’, पिवळ्यात ‘होडीतच बसा’, लाल म्हणजे त्या काठाला बंद. त्या दिवसांत होडीवाल्या पोरांचा धंदा बुडेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणून बंदी सरसकट जलाशयाला नको. एक काठ बंद असताना दुसरा चालू राहू शकतो, वारा दोन्हीकडे एकदम वाहत नाही. आणि ती पोरे, त्यांचे वडील, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जाळे ओढणारे, यांचा संपर्क पर्यटकाच्या कितीतरी पट आहे. पर्यटक तासभर येतो. फलक त्याच्यासाठी लावला तरी त्याचा खरा लाभ या माणसांना होईल, आणि मला तो उद्देश जास्त प्रिय आहे.

आम्हा डॉक्टरांच्या वाट्याचे कामही शिल्लक आहेच. एप्रिल-मेमध्ये उलट्या-जुलाबाच्या रुग्णांनी सरकारी रुग्णालयांचे ओपीडी भरलेले असतात. सलाइन लागते, दोन दिवसांत रुग्ण घरी जातो, कागदावर ‘गॅस्ट्रो’ लिहिले जाते. ‘गेल्या दोन-तीन दिवसांत नदी-धरणात उतरला होता का? पाण्याचा रंग कसा होता?’ हे दोन प्रश्न त्या कागदावर छापलेले नसतात. माढा, करमाळा, इंदापूर, पंढरपूर या तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी एक उन्हाळा हे विचारून लिहून ठेवले, तर आपल्याला कळेल की आपल्याकडे हा आजार आहे की नाही. कदाचित नसेलही. तसे निघाले तर आषाढीआधी चंद्रभागेत पाणी सोडताना आपण अधिक निश्चिंत असू. फिलिप डॉक्टरांकडे निदान एक घोडा होता. आपल्याकडे मेलेल्या म्हशीचे शवविच्छेदन होत नाही.

वाचकांसाठी, फलक लागेपर्यंत, एक घरगुती परीक्षा. हिरवा थर दिसला तर लांब काडी घालून उचला. तंतू लोंबले तर ते साधे शेवाळ. रंगात बुडवल्यासारखी काडी हिरवी होऊन आली तर लांब राहा. मुलांना आणि कुत्र्याला त्या काठाला सोडू नका. चुकून उतरलातच तर स्वच्छ पाण्याने लगेच आंघोळ करा, कपडे धुवा, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उलट्या, पुरळ किंवा डोळे-लघवी पिवळी दिसली तर डॉक्टरांकडे जाऊन आधी पाण्याचे सांगा. ते विचारतीलच असे नाही.

राहता राहिली उजनीची चिलापी, कारण हा प्रश्न मला हमखास विचारला जाणार. हे विष माशाच्या यकृतात आणि आतड्यात साठते, मांसात त्या मानाने फार थोडे. तेव्हा हिरव्या पाण्याच्या दिवसांत मासा पोट साफ करून, आतले सगळे काढून टाकून, दोन पाण्यांनी धुऊन घ्यावा. डोक्याचा रस्सा मात्र पावसाळ्यापर्यंत थांबवला तर बरे.